ओट्याखाली उभं राहू नका, आत या: देवाजवळ मोकळेपणाने प्रार्थना कशी करायची

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर बुधवारी कोणा ना कोणाच्या घरी प्रार्थनासभा असते आणि ती संपून चहा सुरू झाला की कोणीतरी हळूच बाजूला घेऊन मला विचारतंच, भाऊ, प्रार्थना करायला बसलं की मला भीती वाटते, आपलं एवढं काय की देव ऐकेल, मी तर असा, मी तर तसा. आधी मी दोन वाक्यात उत्तर द्यायचो. पण हा प्रश्न दोन वाक्यांचा नाहीये, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय, जसं मला कळलं आणि जसं मी रोज करतो तसं.

आधी आजोबांची गोष्ट सांगतो, कारण माझ्यासाठी ती इथूनच सुरू होते.

माझे आजोबा पारोळ्याकडच्या एका खेड्यातले. गावात एक मोठा वाडा होता, पाच पायऱ्या आणि वर दगडी ओटा. मजुरी घ्यायला गेलं की पायऱ्यांच्या खाली उभं राहायचं, चपला हातात, मान खाली, विचारलं तरच बोलायचं. पैसे वरून टाकायचे, पाणीपण वरूनच ओंजळीत. आयुष्यभर ते त्या ओट्याखाली उभे राहिले, एक पायरीसुद्धा कधी चढले नाहीत. पुढे ख्रिस्ती झाले, बाप्तिस्मा झाला, तरी उपासनेला गेले की दाराजवळच बसायचे, चपलांशेजारी. एका रविवारी पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, बायबलमधल्या इब्री ४:१६ वर संदेश दिला, की आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ. घरी आल्यावर आजोबांनी आजीला विचारलं, "राजासनजवळ म्हंजे ओटावर का व?" आजी भाकरी थापत होती, तिने वर न बघताच सांगितलं, "ओटावर नही, पार घरमा."

हे मला वडिलांनी सांगितलं, आणि मला आजवर मिळालेलं या वचनाचं सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण तेच आहे. पार घरात. पण खरी अडचण ही की दार उघडं असलं तरी ओट्याखाली उभं राहायची सवय अंगात मुरलेली असते, ती पिढ्यांची असते, कुणाची जातीमुळे, कुणाची गरिबीमुळे, कुणाची घरात लहानपणापासून ऐकलेल्या बोलण्यामुळे, आणि तीच सवय आपण देवासमोर घेऊन जातो आणि वरून तिला नम्रता असं नाव देतो.

म्हणून पहिलं काम प्रार्थना करणं हे नाहीच. आपल्याला आत जायला कशामुळे मिळतं हे डोक्यात पक्कं बसवणं हे पहिलं काम.

जुन्या करारात मंदिराच्या अगदी आतल्या भागाला परमपवित्र स्थान म्हणायचे आणि त्याच्यासमोर पडदा होता. त्या पडद्यापलीकडे फक्त मुख्य याजक जायचा, तोही वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, धुपाचा धूर करून आणि बळीचं रक्त घेऊन (लेवीय १६ वाचा, एका बैठकीत होतं). बाकी सगळे बाहेर. इथे एक सांगून टाकतो, मुख्य याजकाच्या पायाला दोरी बांधायचे, मेला तर ओढून काढायला, असं प्रवचनात बरेच जण सांगतात, ते शास्त्रात कुठेच नाहीये. त्याच्या झग्याला घुंगरं होती हे मात्र आहे, निर्गम २८ मध्ये. आता मत्तय २७:५१ बघा, येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. वरपासून. माणसाने फाडला असता तर खालून फाडला असता ना. दार आतल्याने उघडलंय, बाहेरच्याने धक्का मारून नाही. आणि इब्री १० मध्ये तर स्पष्टच लिहिलंय की येशूच्या रक्ताने आपल्याला आत जायला धैर्य आहे. म्हणजे माझ्या वागण्याने नाही, माझ्या उपासाने नाही, माझ्या घराण्याने नाही.

आता हा 'धैर्य' शब्द. मराठीत धैर्य म्हटलं की आपल्याला वाटतं छाती पुढे काढून जायचं, न घाबरता. आणि मग ज्याची छाती धडधडतेय त्याला वाटतं की हे माझं काम नाही. पण मूळ ग्रीकमध्ये तिथे पर्रेसिया असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ मोकळं बोलणं, मनातलं काही न दडवता बोलणं. त्या काळच्या ग्रीक शहरांमध्ये सभेत उभं राहून मोकळं बोलायचा हक्क नागरिकाला असायचा, गुलामाला नसायचा, त्या हक्काला हा शब्द वापरायचे. हे मला कळलं त्या दिवशी मी आजोबांचा विचार करत बराच वेळ बसून राहिलो. ज्याला गावात विचारल्याशिवाय तोंड उघडता येत नव्हतं त्याला देव म्हणतो की तू माझ्यासमोर मोकळं बोल. तेव्हा छाती धडधडत असली तरी चालेल. बोलायचं.

बरं, आता प्रत्यक्ष कसं करायचं.

जागा आणि वेळ. येशूने म्हटलंय खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे पित्याजवळ प्रार्थना कर (मत्तय ६:६). आता दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं, टीव्ही चालू, कुठली खोली आणि कुठलं दार. माझी आई चुलीपुढे प्रार्थना करायची, सगळे उठायच्या आधी, तीच तिची खोली. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो आणि अख्खं गाव गच्चीवर झोपतं, तेव्हा पहाटे पाचला उठून गच्चीच्या कोपऱ्यात पाठ करून बसलात तरी ती खोलीच. माझी खोली म्हणजे शेतातली मोटर. कपाशीला पाणी द्यायला थ्री फेज लाईट कधी दिवसा असते कधी रात्री, रात्रीची पाळी आली की मी आधीच जाऊन स्टार्टरच्या पेटीजवळ गोणपाट टाकून बसतो आणि लाईट येईपर्यंतचा वेळ त्याला देतो. कधी वीस मिनिटं, कधी दीड तास. पेटीतला लाल दिवा लागला की आमेन म्हणायचं आणि बटन दाबायचं. लांबलचक वेळ मिळाला पाहिजे म्हणून थांबू नका, नहेम्या राजासमोर उभा होता, राजाने विचारलं तुला काय पाहिजे, आणि उत्तर द्यायच्या आधी त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली असं लिहिलंय (नहेम्या २:४). राजा समोर वाट बघतोय, किती सेकंद मिळाले असतील? तेवढी प्रार्थनासुद्धा पोचली.

सुरुवात बापाने करा. म्हणजे 'बापा' या शब्दाने. येशूने गेथशेमाने बागेत अब्बा म्हणून हाक मारली, तो घरात वापरायचा अरामी शब्द, आणि रोमकरांस ८:१५ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की आत्म्याने आपणही तीच हाक मारतो. ज्यांचा बाप दारू पिऊन मारायचा त्यांना हा शब्द जड जातो हे मला माहितीये, आमच्या सभेत अशा दोन मुली आहेत. त्यांना मी म्हणतो शब्दावर अडू नका, प्रभू म्हणा, माझ्या मेंढपाळा म्हणा. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलंच ना. हळूहळू तो शब्दपण बरा होतो, घाई नको.

भाषा. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण इथेच आपली माणसं जास्त अडकतात.

आमचे जुने पाळक प्रार्थना करायचे तेव्हा 'हे परमदयाळू, सर्वसमर्थ, पवित्र पित्या, आम्ही तुझी अयोग्य लेकरे' असं सुरू व्हायचं आणि ऐकायला खरंच छान वाटायचं, मी त्यांना नावं ठेवत नाहीये, ती त्यांची मनापासूनची भाषा होती. पण ते ऐकून आई सभेत कधीच प्रार्थना करायची नाही. आपल्याले नही येत, म्हणायची. आणि तीच आई पहाटे चुलीपुढे भाकरी उलटता उलटता बोलायची, "देवा, दादर संपनी, दोन दिन पुरी इतलीच शे, आते तू देख." (दादर म्हणजे ज्वारी.) तव्यावरची भाकरी विस्तवावर टाकायची, ती फुगेपर्यंत गप्प, मग पुढचं, कोणाचं लग्न जमत नाही, कोणाच्या गुरांना रोग आलाय, एकेकाचं नाव घेऊन. मी लहान असताना गोधडीतून ऐकायचो आणि मला वाटायचं ही स्वतःशीच बोलतेय. ती प्रार्थना होती हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली.

तुम्ही ज्या भाषेत रडता त्या भाषेत प्रार्थना करा. अहिराणी असेल तर अहिराणी, भिलोरी असेल तर भिलोरी, मावची असेल तर मावची, नवापूरकडे कितीतरी मंडळ्यांमध्ये मावचीतच प्रार्थना होते. पंडिता रमाबाई एवढ्या संस्कृत जाणणाऱ्या, पण केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, का, तर न शिकलेल्या बाईलासुद्धा कळलं पाहिजे म्हणून. १९२२ मध्ये वारल्या, पण शेवटपर्यंत ते काम सोडलं नाही. देवाचं बोलणं आपल्यापर्यंत सोप्या भाषेत यावं म्हणून एवढं झटलेत लोक, तर आपलं बोलणं त्याच्याकडे अवघड भाषेत कशाला पाठवायचं.

पापाचं काय? हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. काल शिवीगाळ केली, मोबाईलवर नको ते बघितलं, भावाशी बांधावरून भांडलो, आता आज कुठल्या तोंडाने जाऊ? मग आपण काय करतो, तीन-चार दिवस थांबतो, जरा चांगलं वागून घेतो आणि मग जातो. म्हणजे आंघोळ करून मग नदीवर जायचं असं झालं. इब्री ४:१६ मध्ये राजासनाजवळ जाऊन मिळतं काय ते बघा, आधी दया आणि मग ऐन वेळेला मदतीसाठी कृपा. दया कोणाला लागते? ज्याचं चुकलंय त्यालाच ना. जकातदाराची गोष्ट आहे लूक १८ मध्ये, तो दूर उभा राहून ऊर बडवत एवढंच म्हणाला की देवा मज पाप्यावर दया कर, आणि तो नीतिमान ठरून घरी गेला, उपासाचा आणि दशमांशाचा हिशोब सांगणारा परूशी (धर्माचे नियम काटेकोर पाळणारा) नाही. म्हणून पाप झालं की त्याच दिवशी जा, जमलं तर त्याच तासाला. आणि पाप नाव घेऊन कबूल करा, 'आमच्या हातून ज्या काही चुका झाल्या असतील' असं गोल गोल नको. मी भावाला अमुक बोललो, ते चूक होतं, मला क्षमा कर. १ योहान १:९ मध्ये तो क्षमा करायला विश्वासू आहे असं लिहिलंय, तर एकदा कबूल केलं की पुन्हा पुन्हा तेच उगाळत बसू नका, उठा आणि भावाला फोन करा.

मागणं. स्पष्ट मागा. बार्तीमय आंधळा होता हे येशूला दिसत नव्हतं का? तरी विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे (मार्क १०:५१). त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. आपण मात्र म्हणतो 'सर्वांना आशीर्वाद दे, सर्वांचं भलं कर' आणि उठतो, कारण स्पष्ट मागितलं आणि नाही मिळालं तर काय, ही भीती. सोसायटीचं कर्ज किती थकलंय तो आकडा सांगा. कपाशीला भाव नाहीये, घरात किती क्विंटल पडलीये ते सांगा. पोरीची नीटची परीक्षा कोणत्या तारखेला आहे ते सांगा. त्याला माहितीये, मान्य, मागण्याआधीच पित्याला माहीत असतं असं येशूच म्हणाला. पण सांगितल्याने आपली ओट्याखालची मान वर होते. फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये मागण्या देवाला कळवा असं लिहिलंय आणि तिथे आभारासहित असंपण आहे, तर मागता मागता मिळालेल्या दोन गोष्टींचे आभार माना, त्याने मन शांत होतं.

आणि एक अगदी स्पष्ट सांगतो कारण हल्ली याची फार गडबड झालीये. मोकळं बोलणं म्हणजे देवाला ऑर्डर सोडणं नाही. १ योहान ५:१४ मध्ये आपल्याला जे धैर्य आहे ते हे की त्याच्या इच्छेप्रमाणे काही मागितलं तर तो ऐकतो. स्वतः येशू बागेत म्हणाला की हा प्याला दूर कर, किती मोकळं मागणं आहे बघा, आणि लगेच म्हणाला तरी माझी इच्छा नाही तर तुझी. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत सलणाऱ्या एका त्रासासाठी, तीनदा विनवलं, काटा गेला नाही, उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे (२ करिंथकरांस १२). तेव्हा कोणी म्हणालं की तुझा विश्वास कमी पडला म्हणून आजार गेला नाही, तर ते मनावर घेऊ नका. कोणी म्हणालं गोळ्या बंद कर, त्याने विश्वास दिसतो, तर बिलकुल बंद करू नका, डॉक्टरकडे जा आणि जाताना गाडीवर प्रार्थना करा. आणि कोणी म्हणालं एवढे पैसे टाका मग तुमच्यासाठी खास प्रार्थना करतो, तर तो माणूस देवाच्या दाराला पुन्हा ओटा बांधतोय. तिथून निघून या.

'येशूच्या नावाने' हे शेवटी म्हणतो ते शिक्का मारल्यासारखं नाहीये. त्याचा अर्थ एवढाच की मी माझ्या नावावर आलो नाही, त्याच्या नावावर आलोय. कधी कधी मी हे सुरुवातीलाच म्हणतो, विशेषतः ज्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटत असते.

सभेत मोठ्याने प्रार्थना करायची भीती असेल तर तीन वाक्यं ठरवून घ्या. एक आभाराचं, एक कोणाचं तरी नाव घेऊन मागणं, एक आमेनचं. बस. लांबी कोणी मोजत नाही, आणि मोजत असेल तर मोजू दे.

गुडघे टेकावे का, डोळे मिटावे का, डोक्यावर पदर घ्यावा का, हेपण विचारतात. करा ना, आदर चांगलाच आहे, मी स्वतः गोणपाटावर बसताना चपला काढतो. फक्त ते नाही केलं तर ऐकणार नाही असं मनात आणू नका. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून, एसटीत उभं राहून, डोळे उघडे ठेवूनसुद्धा तेच राजासन आहे.

आता जे सगळ्यात अवघड आहे ते. शब्दच येत नाहीत तेव्हा.

माझ्या बहिणीचं बाळ सातव्या महिन्यातच झालं. धुळ्याला दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं, मुठीएवढं तोंड, नाकात नळी. अकरा दिवस आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली, मंडळीने उपास केला, मी मोकळं मागितलं, नाव घेऊन मागितलं, वर लिहिलंय ते सगळं केलं. बाराव्या दिवशी पहाटे ते गेलं. त्यानंतर पाच-सहा महिने मी प्रार्थना करू शकलो नाही. सभेला जायचो, बसायचो, इतरांच्या आमेनला आमेन म्हणायचो पण आत काहीच नव्हतं. आमच्या मंडळीत एक म्हाताऱ्या काकू आहेत, नवरा आणि मुलगा दोन्ही गमावलेल्या, त्यांनी मला काही समजावलं नाही, फक्त म्हणाल्या तेरावं स्तोत्र वाच, मोठ्याने वाच, घरात कोणी नसताना. वाचलं. पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा विचारतो, कोठवर? परमेश्वरा, कोठवर? आणि हे देवाच्या पुस्तकात आहे, देवाने ते खोडून टाकलं नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेड येतच नाही. त्या दिवशी मी मोटरीजवळ बसून देवाला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, रागाने बोललो, रडलो, आणि पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की समोर कोणीतरी ऐकतंय.

तर शब्द येत नसतील तेव्हा स्तोत्र उधार घ्या. नाहीतर प्रभूची प्रार्थना, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', पण अगदी हळू, एकेका ओळीला थांबून, जी ओळ गळ्यात अडकेल तिथेच बसून राहा, पुढे नाही गेलात तरी चालतं. तेपण जमत नसेल तर नुसतं बसा. रोमकरांस ८:२६ मध्ये आहे की कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांनी न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, आणि खाली चौतिसाव्या वचनात ख्रिस्तसुद्धा देवाच्या उजवीकडे बसून आपल्यासाठी विनंती करतोय. म्हणजे तुम्ही गप्प बसलात तरी तुमच्यासाठी प्रार्थना चालूच आहे, तुम्ही फक्त तिथे जाऊन बसायचं. आणि जो तिथे बसलाय त्याला आपलं दुखणं समजावून सांगावं लागत नाही, तो स्वतः रडलाय, थकलाय, मोहातून गेलाय (इब्री ४:१५), बस त्याने पाप केलं नाही.

शेवटचं एक काम सांगतो, साधं आहे. एक वही घ्या, शंभर पानी चालेल. डाव्या पानावर तारीख आणि काय मागितलं ते एका ओळीत, उजव्या पानावर जे झालं ते, जेव्हा होईल तेव्हा. रोज नको, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. माझ्या वहीत उजव्या पानांवर बरंच काही भरलंय, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, दोन कर्जं, भावाशी झालेला समेट, तो तर मागितल्यावर चौदा महिन्यांनी झाला. बाळाच्या नावाची ओळ डाव्या पानावर आहे आणि तिच्यासमोरचं पान कोरंच आहे. मी ती ओळ खोडलेली नाही. रात्रीची पाळी असली की वही सोबत नेतो, टॉर्च लावून ते पान उघडतो आणि बहिणीसाठी मागतो, मग लाईट येईपर्यंत तिथेच बसतो.